नोकरी सांभाळून पीएमपी: तयारीच्या नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

१ जून २०२४, शनिवार

लक्ष्य: ऑगस्टअखेर पीएमपी, म्हणजे पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेची प्रकल्प व्यवस्थापकांसाठीची प्रमाणपत्र परीक्षा. गट पाच जणांचा, पुण्यातला. दोघे सॉफ्टवेअरमधले, एक बांधकामातला, एक औषध कारखान्यातला, एक चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला. सगळे पूर्णवेळ नोकरीत. या वहीत कामापुरतेच लिहायचे: काय केले, काय अडले, का अडले.

परीक्षेचा २०२४ मधला आराखडा आधी, कारण पुढचे सगळे हिशेब त्यावरच बसतात. १८० प्रश्न, २३० मिनिटे. त्यातले १७५ प्रश्न गुणांचे. उरलेले ५ पीएमआय स्वतःच्या चाचपणीसाठी घालते आणि ते ओळखता येत नाहीत. तीन डोमेन (विषयविभाग) आहेत: पीपल ४२ टक्के, प्रोसेस ५० टक्के, बिझनेस एन्व्हायर्नमेंट ८ टक्के. साधारण निम्मे प्रश्न प्रेडिक्टिव्ह (सगळे आधी आखून काम) पद्धतीचे, निम्मे अजाइल (थोडे थोडे काम करत, बदल सामावत जाणे) आणि हायब्रिडचे (दोन्हींचे मिश्रण). चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. उत्तीर्ण व्हायला किती टक्के लागतात हे पीएमआय सांगत नाही. बाहेर फिरणारे आकडे अंदाजाचे आहेत, त्यांवर काही बेतू नये.

तासांचा हिशेब. २९ ऑगस्टपर्यंत जेमतेम १३ आठवडे. कामाच्या दिवसांत चार दिवस एकेक तास, शनिवार-रविवार तीन-तीन तास, म्हणजे आठवड्याला १० आणि एकूण १३०. नोकरी करणाऱ्याने हा आकडा खरा मानू नये. रिलीज, ऑडिट, पाहुणे, आजारपण यांसाठी ३० टक्के वजा केले की ९० उरतात. त्यातले ३५ तास सक्तीच्या प्रशिक्षणाचे. उरलेल्या ५५ मध्ये २० वाचनाला, ३५ प्रश्न सोडवायला आणि तपासायला. प्रश्नांना जास्त, वाचनाला कमी. बहुतेक जण याच्या उलट करतात आणि शेवटच्या महिन्यात अडकतात.

तारीख ऑगस्टमध्येच का? गणपती ७ सप्टेंबरला बसतात. त्यानंतरचे दहा दिवस घरात अभ्यास होत नाही, पुढे लगेच तिमाहीची अखेर. तिथून परीक्षा थेट दिवाळीनंतर जाते आणि तोवर वाचलेले निम्मे विसरलेले असते.

४ जून

पीएमआयच्या संकेतस्थळावर खाती उघडली. इथे एक गोष्ट पहिल्याच दिवशी तपासायची: नाव. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळले नाही तर आत सोडत नाहीत, आणि शुल्क जाते. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, पॅनवर वडिलांचे नाव मध्ये, पासपोर्टवर नाव आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात, तर लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या दोन कागदांवर दोन आडनावे. ओळखपत्र सरकारी, फोटो आणि सही असलेले हवे. आधार कार्डावर सही नसते. पासपोर्ट सगळ्यांत बिनधोक. त्यावर जसे आहे तसेच, त्याच स्पेलिंगने, खात्यावर घालावे. तारीख घेतल्यानंतर नाव बदलायचे म्हणजे पत्रव्यवहार आला. पासपोर्टची मुदतही याच वेळी पाहून ठेवावी.

सभासदत्व परीक्षेचे शुल्क भरायच्या आधी घ्यायचे. सभासदाला परीक्षा स्वस्त पडते आणि पीएमबोकची (पीएमआयचे प्रकल्प व्यवस्थापनाचे मार्गदर्शक पुस्तक) पीडीएफ वेगळे पैसे न देता मिळते.

८ जून, शनिवार

आजचा सगळा वेळ अर्जाला.

पात्रता, २०२४ ची: चार वर्षांची पदवी असेल तर गेल्या ८ वर्षांत ३६ महिने प्रकल्पाचे नेतृत्व केल्याचा अनुभव; पदवी नसेल तर ६० महिने. शिवाय ३५ तासांचे प्रशिक्षण. महिने मोजताना एकाच काळात चाललेले दोन प्रकल्प एकदाच धरले जातात. जानेवारी ते ऑगस्ट एक आणि मे ते डिसेंबर दुसरा, तर बेरीज १६ येते पण अनुभव १२ महिन्यांचाच. कागदावर आडव्या पट्ट्या काढून पाहिल्या की कुठे महिने दोनदा मोजले गेले ते लगेच दिसते. गटातल्या दोघांना यासाठी अर्जात आणखी एकेक जुना प्रकल्प घालावा लागला.

अर्ज अडतो तो प्रकल्पाच्या वर्णनात. बांधकामाच्या अर्जाचा पहिला मसुदा असा होता: ‘सहा मजली वसतिगृहाचे बांधकाम. रोजच्या कामावर देखरेख, ठेकेदारांशी समन्वय, साहित्याची मागणी, बिले तपासणे.’ ही साइट सुपरवायझरची कामे झाली. तपासणाऱ्याला नेतृत्व दिसले पाहिजे. दुसरा मसुदा: ‘उद्देश: २४० विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह १४ महिन्यांत उभे करणे. माझी भूमिका: प्रकल्प व्यवस्थापक. सुरुवातीला प्रकल्प सनदेचा (प्रकल्पाला अधिकृत मंजुरी देणारा दस्तऐवज) मसुदा केला, स्टेकहोल्डरांची (प्रकल्पाशी हितसंबंध असलेल्यांची) नोंद केली. नियोजनात व्याप्ती ठरवून कामांची विभागणी, वेळापत्रक, खर्चाचा आधार आणि रिस्क रजिस्टर (जोखमींची नोंदवही) तयार केले. अंमलबजावणीत तीन ठेकेदारांचे काम चालवले. नियंत्रणात दर पंधरवड्याला प्रगतीची तुलना केली, पायाच्या खोलीतला बदल मंजुरीसाठी मांडला. समारोपात हस्तांतर आणि शिकलेल्या गोष्टींची नोंद केली. फलित: इमारत ताब्यात दिली.’ प्रकल्प तोच. प्रत्येक वाक्यात ‘मी काय ठरवले’ आले आणि सुरुवात, नियोजन, अंमलबजावणी, नियंत्रण, समारोप हे पाचही टप्पे दिसले. अजाइल प्रकल्पात हेच बॅकलॉग (करायच्या कामांची क्रमवार यादी), स्प्रिंट (कामाचा ठरलेला छोटा कालखंड), आढावा या भाषेत येईल. पाच टप्पे ओढूनताणून बसवू नयेत.

‘आम्ही केले’ असे लिहायची आपली सवय इथे नडते. नम्रता म्हणून नव्हे, तर कोण काय करत होते हेच त्यातून कळत नाही म्हणून.

अर्ज एकदा उघडला की पुरा करायला ९० दिवस मिळतात. ऑडिटची (अर्जातल्या माहितीची पीएमआयकडून होणारी कागदोपत्री तपासणी) शक्यता धरून आजच प्रत्येक प्रकल्पाच्या त्या वेळच्या वरिष्ठांना फोन करून ठेवावेत. माणसे नोकऱ्या बदलतात, ई-मेल बंद होतात. ऑडिट लागल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा आता विचारलेले बरे.

१५ जून, शनिवार

काय वाचायचे यावर बराच वाद. ठरले ते असे. पीएमबोक सातवी आवृत्ती २०२१ ची: १२ तत्त्वे, ८ परफॉर्मन्स डोमेन (कामगिरीची क्षेत्रे; परीक्षेचे तीन डोमेन वेगळे). ती एकदा सलग वाचावी, पाठ करू नये. सहावी आवृत्ती २०१७ ची, ४९ प्रक्रियांची. ती आता परीक्षेचा पाया नसली तरी बदल नियंत्रण, रिस्क, खरेदी हे विषय तिच्यात जास्त स्वच्छ समजतात, म्हणून तेवढीच प्रकरणे घ्यावीत. ४९ प्रक्रियांचा तक्ता घोकण्यात आठवडे घालवू नयेत. अजाइल प्रॅक्टिस गाइड पूर्ण. आणि परीक्षेचा अभ्यासक्रम ज्यात आहे ते कंटेंट आउटलाइन छापून भिंतीवर. तो छोटा दस्तऐवज आहे, फुकट मिळतो, आणि प्रश्न त्यावरूनच निघतात.

कंपनीच्या बसमध्ये व्हिडिओ ऐकणे उजळणीला चालते. नवा विषय त्यात डोक्यात शिरत नाही.

चुकांची वही आजपासून सुरू. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे विषय लिहायचा नाही, कारण लिहायचे. चार खुणा: ‘मा’ म्हणजे माहितीच नव्हती, ‘वा’ म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, ‘घा’ म्हणजे घाई, ‘ऑ’ म्हणजे ऑफिसची सवय, म्हणजे प्रत्यक्षात कामावर जे करतो तेच उत्तर म्हणून निवडले. बरोबर आलेला पण अंदाजाने मारलेला प्रश्नही वहीत चढवायचा.

२२ जून, शनिवार

प्रशिक्षणाचे ३५ तास पुरे, प्रमाणपत्रे हातात. अर्ज मंजूर होऊन आले. एकाला ऑडिट लागले. ऑडिट हा संशय नव्हे, निवड यादृच्छिक असते. कागद पाठवायला ९० दिवस: पदवीची प्रत, ३५ तासांचे प्रमाणपत्र, आणि अर्जात लिहिलेल्या प्रत्येक प्रकल्पासाठी त्या वरिष्ठांची पुष्टी. ८ जूनचे फोन इथे उपयोगी पडले.

मंजुरीपासून एक वर्ष मुदत, त्यात तीनदा बसता येते. ऑडिटवाला सोडून बाकीच्यांनी तारखा घेतल्या. तारीख बदलण्याचा नियम नीट समजून घ्यावा: परीक्षेला ३० दिवसांहून कमी उरले की बदलायचे शुल्क लागते, ४८ तासांच्या आत तर सगळेच पैसे जातात. २९ ऑगस्टची परीक्षा असेल तर खरा निर्णय जुलैच्या शेवटच्या शनिवारी घ्यायचा, ऑगस्टमध्ये नाही. तसा शेरा कॅलेंडरवर टाकला.

२९ जून, शनिवार

अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची किंमत धरून प्रकल्पाचा खर्च आणि वेळ मोजायची पद्धत. परीक्षेत प्रत्यक्ष आकडेमोड फार नसते. आकडे देऊन ‘परिस्थिती काय, पुढे काय करायचे’ हे जास्त विचारतात. तरी एक उदाहरण शेवटपर्यंत हाताने केल्याशिवाय अर्थ बसत नाही.

प्रकल्प ६० लाखांचा, १० महिन्यांचा, खर्च दर महिन्याला सारखा. पाचव्या महिन्याअखेर निम्मे काम व्हायला हवे होते, झाले ४० टक्के, खर्च ३२ लाख. मग पीव्ही (आतापर्यंत ठरलेल्या कामाची किंमत) ३०, ईव्ही (झालेल्या कामाची किंमत) २४, एसी (प्रत्यक्ष खर्च) ३२.

सीव्ही (खर्चातला फरक) = २४ − ३२ = −८ लाख. एसव्ही (वेळापत्रकातला फरक) = २४ − ३० = −६ लाख.
सीपीआय (खर्चाचा निर्देशांक) = २४ ÷ ३२ = ०.७५. एसपीआय (वेळापत्रकाचा निर्देशांक) = २४ ÷ ३० = ०.८.

म्हणजे खर्चलेल्या प्रत्येक रुपयाला पाऊण रुपयाचे काम, आणि कामही मागे. आता अंदाजित एकूण खर्च, ईएसी. इथे सूत्र पाठ असून लोक चुकतात, कारण तीन सूत्रांतले कोणते हे प्रश्नातल्या एका वाक्यावर ठरते.

‘हाच कल पुढे चालू राहील’: ६० ÷ ०.७५ = ८० लाख.
‘झाला तो अपवाद होता, पुढचे काम ठरल्या दराने होईल’: ३२ + ३६ = ६८ लाख.
‘तारीख पाळायचीच आहे, दोन्ही निर्देशांकांचा परिणाम धरा’: ३२ + ३६ ÷ (०.७५ × ०.८) = ३२ + ६० = ९२ लाख.

एकाच प्रकल्पाचे तीन आकडे, ६८ ते ९२. प्रश्नात काहीच सांगितले नसेल तर पहिले सूत्र. टीसीपीआय (उरलेल्या पैशांत उरलेले काम पुरे करायला लागणारी कार्यक्षमता) = (६० − २४) ÷ (६० − ३२) = ३६ ÷ २८, साधारण १.२९. आतापर्यंत ०.७५ ने चाललेला संघ अचानक १.२९ ने चालणार नाही, हे सांगण्यासाठीच हा आकडा असतो. अशा वेळी ‘संघाला जास्त मेहनत करायला सांगा’ हा पर्याय बाद.

एक खूण: पहिल्या चार सूत्रांत ईव्ही आधी येतो. वजाबाकीत पहिला, भागाकारात वर. ऋण म्हणजे वाईट, एकाहून कमी म्हणजे वाईट. टीसीपीआय तेवढा उलटा.

६ जुलै, शनिवार

क्रिटिकल पाथ, म्हणजे कामांची सर्वांत लांब वाट, जिच्यावर प्रकल्पाची मुदत ठरते. कामे: ए ४ दिवस, ए नंतर बी ६ आणि सी ३, बी व सी दोन्ही झाल्यावर डी ५, सी नंतर ई ७, डी व ई झाल्यावर एफ २. वाटा तीन: ए-बी-डी-एफ १७, ए-सी-डी-एफ १४, ए-सी-ई-एफ १६. क्रिटिकल पाथ १७ दिवसांचा.

ई ला एकूण फ्लोट (प्रकल्प न लांबता काम किती दिवस सरकू शकते) १, फ्री फ्लोटही (पुढचे काम न सरकवता किती) १. सी ला एकूण फ्लोट १, पण फ्री फ्लोट शून्य, कारण सी एक दिवस लांबले की ई लगेच एक दिवस सरकते. हा फरक तोंडी सांगून कळत नाही, आकृती काढावी लागते.

आता क्रॅशिंग. जादा माणसे लावून बी ६ चे ४ दिवस केले. पहिली वाट १५ वर आली, पण ए-सी-ई-एफ अजून १६ वरच आहे. पैसे दोन दिवसांचे गेले, वाचला एकच. प्रत्येक दिवस कमी केल्यावर वाटा पुन्हा मोजायच्या. फास्ट ट्रॅकिंगला (एकामागून एक करायची कामे एकाच वेळी करणे) जादा पैसे लागत नाहीत पण कामे एकमेकांवर येतात, पुन्हा करावी लागण्याची जोखीम वाढते. ‘निधी शिल्लक नाही’ असे प्रश्नात असेल तर क्रॅशिंग आपोआप बाद.

बाकी आकडेमोड एका बैठकीत होते. तीन-बिंदू अंदाज: लवकरात लवकर ६, बहुधा ९, उशिरात उशिरा १८ दिवस, तर (६ + ३६ + १८) ÷ ६ = १०, प्रमाण विचलन २. संवादाच्या वाटा, म्हणजे माणसांच्या जोड्या: ७ माणसांच्या २१, १० माणसांच्या ४५, विचारतात बहुधा वाढ किती, म्हणजे २४.

१३ जुलै, शनिवार

अजाइल. चुकांच्या वहीत ‘ऑ’ ची रांग लागली ती इथे, आणि गंमत म्हणजे जास्त सॉफ्टवेअरवाल्यांची. रोज स्टँडअप (उभ्याने घेतलेली छोटी बैठक) करणाऱ्यांना अजाइल येत असणार असे वाटते. पण बऱ्याच ठिकाणी स्टँडअप म्हणजे लीडला दिलेला हजेरी-अहवाल असतो, कामे लीड वाटतो, आणि स्प्रिंटमध्ये मधेच काम घुसवले जाते. परीक्षेत हे तिन्ही चुकीचे.

परीक्षेची चौकट: बॅकलॉगचा क्रम प्रॉडक्ट ओनर (उत्पादनाची जबाबदारी असलेला) ठरवतो, दुसरे कोणी नाही. स्प्रिंटमध्ये किती काम घ्यायचे हे काम करणारे ठरवतात. डेली स्क्रम (रोजची बैठक) १५ मिनिटांचा आणि काम करणाऱ्यांचा. अडचण तिथे मांडली जाते, सोडवली जाते नंतर. महिनाभराच्या स्प्रिंटला नियोजन जास्तीत जास्त ८ तास, आढावा ४, रेट्रोस्पेक्टिव्ह ३. आढाव्यात उत्पादन दाखवतात, रेट्रोमध्ये काम करण्याची पद्धत तपासतात. प्रश्नात ‘स्टेकहोल्डर’ आले की आढावा, ‘संघात पुन्हा पुन्हा तोच त्रास’ आले की रेट्रो. वेलॉसिटी (संघ एका स्प्रिंटमध्ये किती काम संपवतो) दोन संघांच्या तुलनेसाठी वापरायची नाही. व्यवस्थापक किंवा स्क्रम मास्टर (संघाला ही पद्धत पाळायला मदत करणारा) अडथळा दूर करतो, काम वाटत नाही.

ऑफिसची सवय प्रत्येक धंद्याची वेगळी. औषध कारखान्यात कागदोपत्री मंजुरीशिवाय एक बटण हलत नाही, म्हणून तिथला माणूस अजाइलच्या प्रश्नातही बदल समितीकडे धावतो. बांधकामात अडचण आली की थेट मालकाला फोन; परीक्षेत स्पॉन्सरकडे (प्रकल्पाला पैसा आणि पाठबळ देणारा) जाणे शेवटचा पर्याय. सुट्या भागांच्या कारखान्यात पुरवठादार चुकला की दंड लावतात. परीक्षेत आधी करार वाचायचा, मग पुरवठादाराशी बोलायचे. आपली नोकरी कोणती वाईट सवय लावते हे एकदा कागदावर लिहून काढले की पुढच्या प्रश्नसंचात ती डोळ्यांना दिसू लागते.

१७ जुलै, आषाढी एकादशी

सुट्टी. पीएमआयच्या स्टडी हॉल या सरावाच्या ऑनलाइन सुविधेतले छोटे संच. त्यात प्रश्नांना काठिण्याची पायरी दिलेली असते; सर्वांत वरच्या ‘एक्स्पर्ट’ पायरीचे प्रश्न इतके घोळदार असतात की त्यांच्या गुणांवरून खचू नये. बाकीच्या पायऱ्यांची टक्केवारी वेगळी काढून पाहावी.

२० जुलै, शनिवार

एकच प्रश्न घेऊन तो पूर्ण उलगडला. गटात बनवलेला आहे, पण घाट परीक्षेचाच.

‘हायब्रिड प्रकल्पात यंत्रसामग्रीचे काम ठरलेल्या आराखड्यानुसार आणि अहवाल-प्रणाली दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये चालली आहे. स्प्रिंटच्या आढाव्यात ग्राहकाच्या वित्तप्रमुखांनी सांगितले की नियामकाच्या नव्या सूचनेमुळे अहवालातले दोन रकाने बदलावे लागतील. ज्येष्ठ डेव्हलपर म्हणतो, हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. प्रकल्प व्यवस्थापकाने आधी काय करावे?’

अ) डेव्हलपरला बदल लगेच करायला सांगावे.
आ) बदलाची विनंती बदल समितीकडे पाठवावी.
इ) प्रॉडक्ट ओनरसोबत परिणाम तपासून बदल बॅकलॉगमध्ये क्रमाने घ्यावा.
ई) स्पॉन्सरला कळवून जादा निधी मागावा.

‘अर्ध्या दिवसाचे काम’ हे शब्द अ कडे ओढायलाच घातले आहेत. काम छोटे असले तरी बॅकलॉगबाहेरून शिरता कामा नये. ‘नियामक’ शब्द घाबरवतो आणि ई कडे नेतो. पण निधी कमी आहे असे प्रश्नात कुठेच म्हटलेले नाही. उरले आ आणि इ. ‘हायब्रिड’ वाचून अर्धा गट समितीकडे गेला. पण बदल कोणत्या भागात आहे? अहवाल-प्रणालीत, आणि ती स्प्रिंटमध्ये चालली आहे. म्हणून इ.

आता एकच शब्द बदला: दोन रकान्यांऐवजी यंत्राच्या मोटरची क्षमता बदलायची आहे. मग तो भाग ठरलेल्या आराखड्याचा. आधी वेळ, खर्च, गुणवत्ता, जोखीम यांवरचा परिणाम तपासायचा, मग विनंती समितीकडे, मंजूर झाल्यावर आराखडा आणि आधाररेषा (तुलनेसाठी मंजूर केलेले आकडे) बदलायची, संबंधितांना कळवायचे, मग काम. पर्यायांत ‘परिणाम तपासा’ आणि ‘समितीकडे पाठवा’ दोन्ही असतील आणि ‘आधी काय’ विचारले असेल तर परिणाम तपासणे आधी.

वाचायची रीत ठरली: शेवटचे वाक्य आधी. ‘आधी’, ‘पुढे’, ‘सर्वांत चांगले’, ‘काय करायला हवे होते’ यांतले काय विचारले ते पाहायचे. ‘करायला हवे होते’ असेल तर उत्तर भूतकाळातले, बहुधा नियोजनातले. मग पद्धत कोणती, मग घटना घडली आहे की घडण्याची शक्यता आहे. घडली असेल तर इश्यू लॉग, शक्यता असेल तर रिस्क रजिस्टर. आधी नोंदवलेली जोखीम प्रत्यक्षात आली असेल तर ठरवलेला प्रतिसाद अमलात आणायचा, नव्याने विश्लेषण सुरू करायचे नाही.

२७ जुलै, शनिवार

पूर्ण लांबीचा पहिला मॉक (सराव परीक्षा), एका बैठकीत. फोन दुसऱ्या खोलीत, घरच्यांना चार तासांची सूचना.

वेळेचा हिशेब: २३० मिनिटांना १८० प्रश्न, प्रश्नाला ७६-७७ सेकंद. प्रत्येक प्रश्नाला घड्याळ पाहणे निरुपयोगी. दोनच खांब लक्षात ठेवायचे: ६० प्रश्न झाले की घड्याळात १५३ मिनिटे उरलेली हवीत, १२० झाले की ७७. दोन्ही ठिकाणी दहा मिनिटांची सुट्टी मिळते, ती २३० मध्ये धरत नाहीत. मात्र सुट्टीवर गेल्यावर मागच्या ६० प्रश्नांकडे परत येता येत नाही. म्हणून खूण केलेले प्रश्न सुट्टीआधीच निकाली काढायचे.

पहिल्या भागात ८५ मिनिटांपर्यंत वेळ गेला, कारण सुरुवातीला ताजेपणात प्रत्येक पर्यायावर विचार होतो. दुसऱ्या भागात तो भरून काढताना ‘घा’ च्या चुका वाढल्या. उपाय: दीड मिनिटात दोन पर्यायांवर आलात तर एक निवडा, खूण करा, पुढे चला.

तारखेचा निर्णय आजच. निकष आधीच लिहून ठेवला होता: एक्स्पर्ट पायरी वगळून ६५ टक्क्यांच्या वर, आणि ‘मा’ च्या चुका एकूण चुकांच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. हा गटाचा निकष, पीएमआयचा नव्हे. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची: वाचण्याची आणि सवयीची चूक महिन्यात सुधारते, माहितीच नसेल तर महिना पुरत नाही. तीन तारखा कायम, एक पुढे ढकलली. ३० दिवसांच्या बाहेर असल्याने शुल्क लागले नाही.

३ ऑगस्ट

नवे वाचन बंद. रोज एक छोटा संच, तेवढाच वेळ तपासणीला. तपासताना चारही पर्याय का चूक किंवा बरोबर हे एका ओळीत लिहायचे. फक्त बरोबर उत्तराचे स्पष्टीकरण वाचून पुढे गेले की तीच चूक आठवड्याने परत येते.

बिझनेस एन्व्हायर्नमेंट ८ टक्केच म्हणून सोडून देतात. त्यात अनुपालन, अपेक्षित लाभ आणि बाहेरचे बदल एवढेच येते, दोन तासांत होते. सुरक्षेचा किंवा कायद्याचा मुद्दा असेल तर तो वेळापत्रकापुढे ठेवायचा, एवढे धरून चालावे.

१० ऑगस्ट, शनिवार

दुसरा मॉक. गुणांपेक्षा तिसऱ्या भागाकडे लक्ष दिले. १२० नंतर ‘वा’ च्या चुका दुप्पट झाल्या होत्या. ही माहितीची कमतरता नव्हे, थकवा आहे. तो तीन गोष्टींनी कमी होतो: दोन्ही सुट्ट्या घ्यायच्याच, जागेवरून उठायचे, आणि मॉक त्याच वेळी द्यायचा ज्या वेळी परीक्षा आहे. रात्री दहाला ऑफिसनंतर दिलेल्या मॉकचे गुण कशाचेच मोजमाप नाहीत.

पोटाचेही सांगून ठेवतो: परीक्षेआधी पोटभर मिसळ नको. पोहे, उपमा, केळे असे हलके काही.

१७ ऑगस्ट, शनिवार

केंद्र की घर? गटाचे मत केंद्राकडे. घरून देताना कंपनीचा लॅपटॉप वापरू नये. फायरवॉल आणि व्हीपीएनमुळे परीक्षेचे सॉफ्टवेअर अडते. स्वतःच्या यंत्रावर, त्याच जागी, त्याच इंटरनेटवर सिस्टीम टेस्ट आधी करावी. खोलीत दुसरे कोणी येता कामा नये, टेबल रिकामे, फोन हाताच्या अंतराबाहेर, कच्च्या कामाला कागद नाही, पडद्यावरची पाटी. २९ तारखेला गुरुवार आहे, आणि पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाऊ शकते. घरून देणाऱ्याने राउटर इन्व्हर्टरवर आहे का पाहावे, किंवा गुरुवार टाळावा.

केंद्रावर लिहायला पुसता येणारी पाटी आणि पेन मिळते, गणकयंत्र पडद्यावर असते. अर्धा तास आधी पोहोचायचे. पावसात हिंजवडीकडून शहरात यायचे तर आणखी तासभर धरावा. केंद्र आदल्या रविवारी डोळ्यांखालून घालून यावे.

२४ ऑगस्ट, शनिवार

चुकांची वही पहिल्या पानापासून वाचली. ‘मा’ जुलैत थांबला. ‘घा’ मॉकनंतर कमी झाला. ‘ऑ’ शेवटपर्यंत राहिला, पण जागा बदलली: आता तो संघर्षाच्या प्रश्नांत आहे. दोन सहकाऱ्यांचे पटत नाही, तर ऑफिसात एकाला दुसऱ्या कामावर टाकतात. परीक्षेत व्यवस्थापक दोघांना बसवून कारण समजून घेतो. कुणाला काढणे, बदलणे, वरिष्ठांकडे तक्रार करणे हे पर्याय दिसले की आधी खोडून बाकीचे वाचावेत. आणि ‘काही करू नका, वाट पाहा’ हाही जवळजवळ कधीच बरोबर नसतो.

उरलेल्या दिवसांत मॉक नाही. सूत्रांचे एक पान, वहीतली ‘ऑ’ ची पाने, एवढेच. आदल्या दिवशी अर्धी रजा, परीक्षेच्या दिवशी पूर्ण. सकाळी मीटिंग आणि दुपारी परीक्षा असे करू नये.

२९ ऑगस्ट, गुरुवार

परीक्षा केंद्रावर, सकाळची वेळ. पासपोर्ट पाहिला, खिसे रिकामे करून तपासले, सामान लॉकरमध्ये. बहुतेक प्रश्न प्रसंगाचे, तीन-चार ओळींचे. एकाहून जास्त उत्तरे निवडायच्या प्रश्नांत किती निवडायची ते दिलेले असते. जोड्या लावायचे प्रश्न वेळ खातात. सूत्राने सोडवायचे तुरळक. सीपीआय आणि एसपीआयचा अर्थ विचारणारे त्याहून जास्त. पर्याय खोडण्याची सोय पडद्यावर आहे, ती वापरावी. दोन खोडले की डोके हलके होते.

निकाल टक्क्यांत येत नाही. प्रत्येक डोमेनला चारपैकी एक शेरा: अबव्ह टार्गेट, टार्गेट, बिलो टार्गेट, नीड्स इम्प्रूव्हमेंट. अनुत्तीर्ण झालेल्याला हाच कागद पुढच्या अभ्यासाची दिशा देतो, म्हणून जपून ठेवावा.

३१ ऑगस्ट, शनिवार

पुढच्या तीन वर्षांची नोंद आजच. प्रमाणपत्र टिकवायला दर तीन वर्षांत ६० पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे आणि व्यावसायिक कामाचे गुण). त्यातले निदान ३५ शिक्षणाचे, आणि टॅलेंट ट्रँगलच्या (पीएमआयने ठरवलेले तीन कौशल्यगट) तिन्ही बाजूंना प्रत्येकी कमीत कमी ८. उरलेले जास्तीत जास्त २५ शिकवणे, स्वयंसेवा, प्रत्यक्ष काम यांतून; नुसत्या नोकरीचे फक्त ८ धरतात. एक तास म्हणजे एक पीडीयू. परीक्षेआधीचे ३५ तास यात चालत नाहीत. पुणे आणि मुंबईच्या पीएमआय चॅप्टरच्या कार्यक्रमांतून बरेच तास मिळतात. वर्षाला २० धरून प्रत्येक कार्यक्रमानंतर त्याच आठवड्यात नोंद करावी.

ऑडिट लागलेल्याचा अर्ज मंजूर झाला आहे. तो आणि तारीख पुढे ढकललेला, दोघेही नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बसणार. चुकांची वही त्यांच्याकडे दिली.